लेकाचं लिव्हर घ्यायला नको, म्हणून स्टेम सेल?

पत्राचा सारांश : यजमान ५२ वर्षांचे. बरीच वर्षं दारू होती, त्यातून लिव्हर सिरोसिस झाला. चार महिन्यांपूर्वी कावीळ आणि पोटात पाणी झालं म्हणून रुग्णालयात ठेवावं लागलं. त्या दिवसापासून दारू पूर्ण बंद. आतापर्यंत दोनदा पोटातलं पाणी काढलं. लिव्हरच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणाच्या तपासण्या सुरू करायला सांगितलं आहे. २४ वर्षांचा मुलगा लिव्हरचा भाग द्यायला तयार आहे, रक्तगटही जुळतो. पण आईचा जीव धजत नाही. दिरांनी एका केंद्राची माहिती आणली आहे : नाळेतल्या स्टेम सेलची चार सिटिंग, महिन्याला एक, ‘प्रत्यारोपण टळेल’ असं आश्वासन. दिरांचं म्हणणं, करून पाहायला काय हरकत आहे? पत्र लिहिणाऱ्या विचारतात, आधी स्टेम सेल करून पाहावं का? गुण नाही आला तर प्रत्यारोपण आहेच.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात स्टेम सेलचा प्रश्न वर आहे आणि मुलाचा प्रश्न त्याच्याखाली दडलेला आहे. दोन्हींबद्दल बोलू. पण आधी तुम्ही पाठवलेले दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा, कारण अर्धं उत्तर त्यांतच आहे.

चार महिन्यांपूर्वी बिलिरुबिन (कावीळ किती ते दाखवणारा आकडा) ६.४ होतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा) २.१. मागच्या आठवड्यात बिलिरुबिन २.८, आयएनआर १.६. मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन दोन्ही वेळा १.०. या तीन आकड्यांवरून ‘मेल्ड’ नावाचा गुणांक काढतात. तो ६ ते ४० असतो आणि जितका जास्त तितका येत्या तीन महिन्यांतला धोका मोठा. यजमानांचा मेल्ड तेव्हा २२ येतो, आता १६. म्हणजे सहा गुणांनी उतरला. या काळात त्यांना एकही स्टेम सेल दिलेली नाही. दारू सुटली, पोटात नीट अन्न गेलं, पाण्याच्या (साठलेलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या) गोळ्या वेळेवर घेतल्या गेल्या, एवढंच घडलं.

आता असं धरून चला की ती चार सिटिंग चार महिन्यांपूर्वीच सुरू झाली असती. आज हेच दोन रिपोर्ट त्या केंद्राच्या भिंतीवर लागले असते, आणि तुम्ही स्वतः मनापासून लोकांना सांगितलं असतं की आम्हाला गुण आला. त्यात खोटं बोलणारं कुणीच नसतं. दारूने झालेल्या लिव्हरच्या आजारात दारू थांबल्यावर पहिल्या तीन महिन्यांत बरीच सुधारणा दिसते, काहींत ती सहा महिने आणि पुढेही चालू राहते. त्या वळणावर जो उपचार दिला जाईल त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. आणखी एक बारीक गोष्ट : पेशी देताना बऱ्याचदा सोबत अल्ब्युमिनची, म्हणजे लिव्हर बनवतं त्या रक्तातल्या प्रथिनाची, बाटली लावतात. मग पुढच्या तपासणीत अल्ब्युमिन वाढलेलं दिसणारच. ते लिव्हरने बनवलेलं नसतं, शिरेतून दिलेलं असतं. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे रिपोर्ट म्हणूनच पुरावा ठरत नाहीत. पुरावा तेव्हा होतो, जेव्हा तशाच दुसऱ्या रुग्णांना पेशी न देता तेवढेच दिवस पाहिलं जातं.

मेल्ड उतरला म्हणून निश्चिंत मात्र होऊ नका. सोडियम १३३ आहे, म्हणजे कमी. ते हिशेबात धरलं की आजचा गुणांक १९ च्या आसपास जातो. अल्ब्युमिन २.६ आणि पोटातलं पाणी धरून चाइल्ड-प्यू या लिव्हरची अवस्था मोजण्याच्या दुसऱ्या पद्धतीने १० गुण होतात, म्हणजे ‘क’ हा सर्वांत गंभीर गट. मेल्ड १५ च्या पुढे गेला किंवा पोटात पाणी होऊ लागलं की प्रत्यारोपणाच्या पथकाला दाखवावं, हा जगभरचा रिवाज आहे. तुमच्या डॉक्टरांनी घाई केलेली नाही.

आता पेशींकडे येऊ. ‘नव्या पेशी घातल्या की नवं लिव्हर तयार होईल’ हे चित्र इतकं सोपं आणि आशादायक आहे की त्यावर विश्वास बसणं साहजिक आहे. तरी थोडा हिशेब करून पाहा. नाळेतल्या ज्या पेशी देतात त्यांना मेसेंकायमल पेशी म्हणतात. संशोधनात त्यांची मात्रा बहुधा वजनाच्या किलोमागे १० लाखांच्या आसपास असते. ६५ किलोच्या माणसाला साडेसहा कोटी. आकडा मोठा वाटतो, पण मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये कामाच्या पेशी दहा हजार कोटींहून जास्त असतात. म्हणजे हजार पेशींमागे एक सुद्धा नवी पेशी येत नाही. त्यातही हाताच्या शिरेतून दिलेल्या पेशी आधी हृदयात आणि तिथून फुप्फुसात जातात. त्या आकाराने मोठ्या, फुप्फुसातल्या केशवाहिन्या बारीक. बहुतेक पेशी तिथेच अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. ज्या थोड्या लिव्हरपर्यंत पोचतात त्याही लिव्हरच्या पेशी बनून कामाला लागतात असं माणसात दिसलेलं नाही.

मग संशोधक त्यांच्या मागे का लागले आहेत? कारण या पेशी काही रसायनं सोडतात, त्यांनी दाह कमी होतो आणि व्रण तयार करणाऱ्या पेशींना आवर बसू शकतो. कल्पना चांगली आहे आणि तिच्यावर काम चालू राहायलाच हवं. पण सिरोसिस म्हणजे नुसता दाह नव्हे. लिव्हरभर चिवट व्रणांच्या भिंती उभ्या राहिलेल्या असतात, मधल्या भागाच्या गाठी झालेल्या असतात, आतला रक्तप्रवाह तुंबून पोटात पाणी उतरतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. एवढी बिघडलेली रचना चार सिटिंगमध्ये पूर्ववत होईल असं म्हणायला आज आधार नाही.

माणसांवरच्या प्रयोगांतून काय निघालं, तेही सांगते. २०१६ साली दक्षिण कोरियात दारूमुळे सिरोसिस झालेल्या ७२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून लिव्हरच्या धमनीतून दिल्या होत्या. सहा महिन्यांनी तपासणीसाठी घेतलेल्या लिव्हरच्या तुकड्यात व्रण कमी झालेले दिसले, चाइल्ड-प्यू गुणही सुधारले. आशा वाटावी असा निकाल. २०१७ साली चीनमध्ये हिपॅटायटिस बीमुळे लिव्हर अचानक निकामी होत चाललेल्या ११० रुग्णांच्या अभ्यासात पेशी दिलेल्यांपैकी जास्त जण २४ आठवड्यांनंतर जिवंत होते. पण तो आजार आणि ती अवस्था तुमच्या यजमानांपेक्षा वेगळी. २०१८ साली ब्रिटनमधला ८१ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात मेल्ड साधारण ११ ते १५.५ होता, म्हणजे यजमानांच्या आजच्या अवस्थेच्या जवळचे रुग्ण. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला मज्जेतल्या पेशी रक्तात उतरवणारी जी-सीएसएफ इंजेक्शनं, तिसऱ्याला ती इंजेक्शनं आणि शिवाय त्यांच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशी. ९० दिवसांनी तिन्ही गटांच्या मेल्डमध्ये फरक नव्हता. गंभीर त्रास मात्र नेहमीच्या उपचारांवरच्या २७ पैकी ३ जणांना झाला, नुसत्या इंजेक्शनांच्या गटात २६ पैकी ११ जणांना आणि पेशींच्या गटात २८ पैकी १२ जणांना.

हे शेवटचे आकडे दिरांना दाखवा. ‘करून पाहायला काय हरकत’ या वाक्याला त्यांत उत्तर आहे. दिरांची तळमळ खरी आहे, ते भावासाठी धावपळ करताहेत. म्हणून वाद न घालता आकडे समोर ठेवा.

सिरोसिसच्या रुग्णाला ‘साधं इंजेक्शन’ही साधं का नसतं, ते समजून घ्या. प्लीहा आधीच वाढलेली असते. जी-सीएसएफने ती आणखी वाढते आणि क्वचित फुटते. प्लेटलेट कमी आणि आयएनआर वाढलेला असताना कंबरेच्या हाडातून मज्जा काढली तर रक्तस्राव आवरणं अवघड जातं. लिव्हरच्या धमनीत नळी घालायची तर क्ष-किरणांत दिसणारं रंगद्रव्य सोडावं लागतं, ते नाजूक झालेल्या मूत्रपिंडांना झेपेलच असं नाही. नाळेच्या पेशींमध्ये हे धोके नसले तरी त्या परक्या माणसाच्या असतात, प्रयोगशाळेत वाढवून गोठवलेल्या असतात आणि या प्रवासात कुठेही जंतू शिरू शकतात. २०१८ साली अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या उत्पादनांची इंजेक्शनं घेतलेल्या १२ जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. ती माणसं बहुतांश सांधेदुखी-पाठदुखीसाठी गेली होती. पोटात पाणी असलेल्या माणसाच्या रक्तात जंतू गेले तर ते त्या पाण्यात वाढतात आणि दोन दिवसांत परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते.

तरीही मला सर्वांत जास्त भीती वाटते ती वेळेची. चार सिटिंग म्हणजे चार महिने, आणि ‘परिणाम दिसायला आणखी दोन महिने थांबा’ हे ठरलेलं वाक्य. ‘नाहीच जमलं तर प्रत्यारोपण आहेच’ असं तुम्ही लिहिलंत. तेच गृहीतक मला तपासून पाहावंसं वाटतं. प्रत्यारोपण कायम दारात उभं नसतं. मधल्या काळात पोटातल्या पाण्यात संसर्ग झाला, मूत्रपिंडं बसली, स्नायू झिजून माणूस अंथरुणाला टेकला किंवा लिव्हरमध्ये कॅन्सरची मोठी गाठ निघाली, तर तेच पथक ‘आता शस्त्रक्रिया झेपणार नाही’ म्हणू शकतं. प्रत्यारोपणासाठी माणूस पुरेसा आजारी आणि पुरेसा धडधाकट, दोन्ही असावा लागतो. हा टप्पा अरुंद असतो आणि यजमान आज त्यात आहेत.

याचा अर्थ स्टेम सेलचं नावच काढू नये असा नाही. लिव्हरच्या आजारासाठी स्टेम सेलच्या कोणत्याही उत्पादनाला अमेरिकेच्या किंवा युरोपच्या औषध नियामकांनी मान्यता दिलेली नाही. म्हणून तिची रीतसर जागा एकच आहे : नोंदणी झालेली वैद्यकीय चाचणी. त्या केंद्राला फोन करून विचारा की चाचणीचा नोंदणी क्रमांक काय, आणि तो सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. तिथे आजाराचं नाव, रुग्ण निवडीच्या अटी, तुलनेचा गट आणि नैतिक समितीची परवानगी दिसली पाहिजे. पैसे कोण भरतं, हा दुसरा प्रश्न. प्रामाणिक चाचणीत प्रयोगातल्या उपचाराचा खर्च रुग्णाकडून घेत नाहीत, बरेचदा तपासण्याही मोफत असतात. मग पेशींबद्दल विचारा : कुठून आणल्या, एका वेळी किती कोटी, देण्याच्या दिवशी त्यांतल्या जिवंत किती, जंतू आणि एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) यांच्या तपासणीचा त्या बॅचचा कागद मिळेल का. रात्री दोन वाजता ताप आला किंवा रक्ताची उलटी झाली तर कोण पाहणार? वर्षभर मेल्ड आणि सोनोग्राफी कोण करणार? चाचणीत असताना प्रत्यारोपणाची वेळ आली तर बाहेर पडता येईल का? यांतल्या दोन प्रश्नांनाही सरळ उत्तर मिळालं नाही तर फोन ठेवून द्या.

एकाच केंद्रात गुडघा, मधुमेह, स्वमग्नता आणि लिव्हर या सगळ्यांवर त्याच पेशी देत असतील, सिटिंगचं पॅकेज असेल, ‘आज भरलेत तर सवलत’ असेल, पुराव्यादाखल नुसते रुग्णांचे व्हिडिओ असतील, किंवा लिव्हरच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगत असतील, तर तिथे जाऊ नका. हल्ली पेशींऐवजी ‘एक्झोसोम’, म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, देतो असंही सांगतात. तेही लिव्हरसाठी मान्य नाहीत.

आता पुढचे तीन महिने कसे वापरायचे ते सांगते.

प्रत्यारोपणाच्या तपासण्या सुरू करा. तपासणी करून घेणं म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणं नव्हे, हे मनात पक्कं ठेवा. त्यातून हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं कशी आहेत ते कळतं, गाठ आहे का ते स्कॅनमध्ये दिसतं, आणि मृत दात्याच्या यादीत नाव नोंदवता येतं. त्याच वेळी चार ते सहा आठवड्यांनी बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम तपासून मेल्ड लिहून ठेवा. तो उतरतच गेला आणि पोटातलं पाणी गोळ्यांवर आटोक्यात आलं, तर पथक स्वतःच थांबायला सांगेल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या बाव्हेनो-७ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमतात अशा सुधारणेची व्याख्याच दिली आहे : कारण दूर झालेलं, पाण्याच्या गोळ्या बंद करूनही पाणी नाही, लॅक्ट्युलोज वगैरे भ्रमावरची औषधं बंद करूनही भ्रम (लिव्हरच्या बिघाडाचा मेंदूवर होणारा परिणाम) नाही, वर्षभर रक्ताची उलटी नाही आणि लिव्हरचे आकडे टिकून सुधारलेले. प्रत्यारोपण टळण्याचा खरा रस्ता हा आहे, आणि यजमान त्यावर चार महिने चालले आहेत. मेल्ड जागीच अडकला किंवा वर गेला, तर तयारी झालेली असेल आणि एकही दिवस वाया जाणार नाही.

दारू पुन्हा हातात येऊ नये यासाठी नुसत्या निर्धारावर विसंबू नका. मनोविकारतज्ज्ञांची भेट आत्ताच ठरवा. दारूची ओढ कमी करायला बॅक्लोफेन देता येतं, मात्र भ्रमाची लक्षणं असतील तर जपून. दारू सोडवण्यासाठीचंच डायसल्फिराम हे औषध मात्र लिव्हरच्या या अवस्थेत नको. प्रत्यारोपणाचं पथक ‘पेथ’ नावाची रक्ततपासणी करेल, तिच्यात मागच्या काही आठवड्यांतली दारू कळते. ती शिक्षा म्हणून नसते, हे यजमानांना आधीच सांगा.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. पायाला सूज नसेल तर पाण्याच्या गोळ्यांनी दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरता कामा नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. त्याहून वेगाने उतरलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो, डॉक्टरांना कळवा. दिवसभरातलं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. मीठ कमी करताना जेवणच कमी होतं, ही नेहमीची चूक. प्रथिनं मात्र तोडायची नाहीत. पाणी-सूज वगळून जे वजन येईल त्याच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम हवीत. ‘लिव्हर खराब म्हणून प्रथिनं बंद’ हा जुना सल्ला स्नायू झिजवतो. झोपण्याआधी थोडं खायला द्या, कारण या आजारात रात्रभराचा उपास शरीराला फार महाग पडतो.

पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यायचं असतं, तेव्हा विचारून घ्या. दाखल असताना प्रत्येक वेळी पाण्याचा नमुना पेशी मोजायला गेलाच पाहिजे. घन मिलिमीटरला २५० हून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) निघाले तर तो संसर्ग, मग जंतू वाढण्याची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू होतं. एंडोस्कोपी झाली नसेल तर करून घ्या, अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या असतील तर कार्व्हेडिलॉल हे औषध देण्याचा किंवा शिरांना रबरी कडी घालण्याचा निर्णय होईल. सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नाही. ताप, पोट दुखणं, काळी शौच, लघवी कमी होणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय.

आणि आता मुलगा. मला वाटतं, स्टेम सेलकडे तुमचं मन ओढलं गेलं ते त्याच्यासाठी. यजमान आणि मुलगा यांच्यापैकी एकाला निवडल्यासारखं तुम्हाला वाटतंय. त्याचा धोका तुम्हाला नेमका माहीत असावा. मोठ्या माणसासाठी बहुधा दात्याच्या लिव्हरचा उजवा भाग घेतात, साधारण ६० ते ६५ टक्के. मागे किमान ३० टक्के राहिलंच पाहिजे, आणि स्कॅनवर मोजून ते राहत नसेल तर दाता नाकारला जातो. उरलेलं लिव्हर काही महिन्यांत बरंचसं आकारमान भरून काढतं. दात्याच्या मृत्यूचा धोका दर ५०० मध्ये एक ते दर २०० मध्ये एक इतका सांगितला जातो. लहान आहे, पण शून्य नाही. आणि पित्त झिरपणं, जखमेचा संसर्ग असे त्रास याहून बऱ्याच जास्त जणांना होतात. लिव्हरवर चरबी असेल, पित्तनलिकांची रचना वेगळी असेल, तर तपासणीतच नकार येतो. म्हणून आज रात्री जागून ज्या निर्णयाचं ओझं तुम्ही वाहताय, तो कदाचित तुमच्यासमोर येणारही नाही.

आला, तर तो मुलाचा निर्णय आहे. चांगल्या पथकात दात्यासाठी वेगळा डॉक्टर असतो, ज्याचा रुग्णाशी संबंध नसतो. तो मुलाला विचारतो की घरच्यांचा दबाव आहे का. मुलाला मागे हटायचं असेल तर शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत कधीही हटता येतं, आणि घरच्यांना ‘वैद्यकीयदृष्ट्या जुळत नाही’ एवढंच सांगितलं जातं. ‘मी तयार आहे’ असं तो तुमच्यासमोर म्हणाला, आणि तुम्ही त्याच्यासमोर रडलात, असं पत्रात आहे. त्या दोन गोष्टींच्या मध्ये त्याला स्वतःची भीती बोलायला जागा उरलेली नसेल. दात्याच्या डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला तुम्ही बाहेर बसा, दिरांनाही बाहेर बसवा आणि त्याला एकट्याला आत जाऊ द्या.